छातीत मुक्काम ठोकलेला जंतुसंसर्ग : ब्राँकिएक्टेसिस, सीओपीडी, टीबीनंतरची फुफ्फुसं (सोलापूर धागा)

श्वासवाट (धागाकर्ता)

सोलापूर शहरात आणि तालुक्यांत अशी कितीतरी घरं आहेत जिथे एका माणसाला रोज सकाळी वाटीभर बेडका पडतो. वर्षातून तीन-चार वेळा ‘छाती भरते’. पाच दिवसांच्या गोळ्या घेतल्या की आठवडाभर बरं वाटतं आणि पुन्हा तेच. दरवेळी गोळी बदलते, बेडका मात्र कुणी तपासत नाही. हा धागा त्यासाठी आहे.

मुळात होतं काय? टीबी, लहानपणीचा न्यूमोनिया, डांग्या खोकला यांतून श्वासनळीची भिंत खराब होते आणि नळी कायमची रुंदावते. हाच ब्राँकिएक्टेसिस. नळीच्या आतले बारीक केस कफ वर ढकलत असतात, तेच झडलेले असतात. कफ साचतो, त्यात जंतू वाढतात. जंतूंवर तुटून पडणाऱ्या पांढऱ्या पेशी जी रसायनं सोडतात, त्यांनी भिंत आणखी खराब होते. मग कफ आणखी साचतो. सीओपीडीत (धूर-धुळीने नळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार) नळी रुंद होतेच असं नाही, पण कफ साचणं आणि जंतू टिकणं तसंच चालतं. भारतात ३१ केंद्रांवर २,१९५ ब्राँकिएक्टेसिस रुग्णांची जी मोठी नोंद झाली (निष्कर्ष २०१९ मध्ये आले), तिच्यात ३५ टक्क्यांहून जास्त लोकांचं कारण जुना टीबी हे होतं आणि सर्वांत जास्त सापडलेला जंतू होता स्यूडोमोनास. युरोप-अमेरिकेतली माहिती वाचून आपल्याकडे ती जशीच्या तशी लावता येत नाही, ती यासाठीच.

‘क्रॉनिक’ केव्हा म्हणायचं? वर्षभरात, किमान तीन महिन्यांच्या अंतराने, दोन किंवा जास्त कल्चरमध्ये (बेडक्यातले जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखण्याची तपासणी) तोच जंतू आला तर. म्हणजे कल्चर न करता ‘जुनं इन्फेक्शन आहे’ असं म्हणायला आधारच नाही.

स्यूडोमोनास एकदा रुजला की स्वतःभोवती चिकट थर करतो. पाण्याच्या टाकीच्या आतला बुळबुळीत थर नुसतं औषध टाकून जात नाही, घासावा लागतो, इथेही तसंच. अँटिबायोटिक थराच्या वरवरचे जंतू मारतं, आतले सुस्त पडलेले वाचतात. म्हणून माझं म्हणणं एकच : आधी बेडका तपासा, रोज बेडका बाहेर काढा, गोळीचा नंबर त्यानंतर.

पेट्रीडिश

लॅबच्या बाजूने लिहिते. नमुना चुकीचा आला की पुढचं सगळं चुकतं, आणि निम्म्या तक्रारी तिथल्याच असतात.

सकाळी उठल्यावर, काही खाण्याआधी, साध्या पाण्याने दोन-तीनदा खळखळून चूळ भरा. त्या वेळी माउथवॉश नको, त्यात जंतू मारणारं द्रव्य असतं. दोन-तीन खोल श्वास घ्या आणि खोलवरून खोकून आलेलं लॅबच्या निर्जंतुक, रुंद तोंडाच्या डबीत थेट टाका. घरातली धुतलेली जॅमची बाटली चालत नाही. दोन-तीन मिली पुरे, पण ते छातीतलं हवं.

आम्ही आधी काचपट्टीवर बघतो. कमी भिंगाच्या एका क्षेत्रात गालाच्या आतल्या चपट्या पेशी १० पेक्षा कमी आणि पू पेशी २५ पेक्षा जास्त असतील तर नमुना छातीतला. चपट्या पेशींचा खच दिसला तर ती लाळ. लाळेचं कल्चर लावलं तर तोंडातले जंतू उगवतात आणि त्यावर महागडी अँटिबायोटिक्स सुरू होतात. लॅबने ‘नमुना पुन्हा द्या’ म्हटलं तर चिडू नका, ती लॅब नीट काम करतेय.

डबी दोन तासांत पोचायला हवी. हे आपल्याकडे उन्हाळ्यात फार महत्त्वाचं. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर असताना डबी मोटरसायकलच्या डिकीत तासभर राहिली तर हिमोफिलससारखा नाजूक जंतू मरतो आणि सोबतचे दांडगे जंतू बेसुमार वाढतात. रिपोर्टमध्ये मग जे नाहीच ते दिसतं.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट : नमुना अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधी. दोन दिवस गोळ्या खाऊन मग कल्चर दिलं तर ‘वाढ नाही’ येऊ शकतं, आणि त्याचा अर्थ ‘जंतू नाही’ असा होत नाही.

करमाळकर_७

करमाळा-बार्शीकडून सोलापूरला दोन तासांत डबी कशी पोचायची? गावात कल्चर होत नाही.

पेट्रीडिश

मग बर्फाच्या पॅकसह थर्मासच्या डब्यात पाठवा. फ्रिजच्या तापमानाला, म्हणजे साधारण ४ अंशांवर, नमुना २४ तासांपर्यंत धरता येतो. गोठवायचा मात्र नाही, फ्रीजरमध्ये अजिबात नको. डबीचं झाकण घट्ट लावून ती प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि बर्फ पिशवीच्या बाहेर. हिमोफिलसचं थोडं नुकसान थंडीनेही होतं, पण उन्हात शिजण्यापेक्षा बरं. डबीवर नाव, तारीख आणि नमुना घेतल्याची वेळ लिहा. वेळ कुणीच लिहीत नाही. आणि चिठ्ठीवर ‘ब्राँकिएक्टेसिस’ किंवा ‘जुना टीबी’ लिहिलेलं असलं तर लॅब चॉकलेट अगरची (तापवलेलं रक्त घातलेलं, जंतू वाढवायचं माध्यम) प्लेटही लावते. हिमोफिलस साध्या प्लेटवर उगवतच नाही, त्याला तीच प्लेट आणि कार्बन डायऑक्साइड लागतो.

साखरपेठ

बेडका हिरवा आला म्हणजे स्यूडोमोनास, हे खरं का? आमच्याकडे सगळे तसंच म्हणतात.

श्वासवाट

नाही. बेडक्याचा हिरवा रंग पांढऱ्या पेशींमधल्या एका हिरव्या एन्झाइममुळे येतो. कुठल्याही जंतूशी जोरात लढाई चालू असली की बेडका पिवळा-हिरवा होतो. स्यूडोमोनासचं निळं-हिरवं रंगद्रव्य दिसतं ते लॅबच्या प्लेटवर.

रंगाचा उपयोग वेगळा आहे. रोजचा नेहमीचा रंग कोणता हे माहीत असावं. ज्याचा बेडका कायमच पिवळसर असतो, त्याला रंगावरून घाबरायचं कारण नाही. बदल बघायचा. खोकला वाढणं, बेडक्याचं प्रमाण किंवा घट्टपणा वाढणं, रंग गडद होणं, धाप वाढणं, थकवा, बेडक्यात रक्त, या सहांतल्या तीन किंवा जास्त गोष्टी ४८ तासांहून अधिक बिघडलेल्या राहिल्या तर तो ‘भडका’ समजतात आणि तेव्हा उपचार बदलायचा असतो. ताप असेलच असं नाही, ताप नाही म्हणून थांबून राहू नये.

पेट्रीडिश

प्लेटबद्दल थोडं. साध्या अगरवर स्यूडोमोनास वाढला की कडेने हिरवट छटा पसरते आणि झाकण उघडताच पिकलेल्या द्राक्षासारखा गोडसर वास येतो. काही प्लेटांवर वसाहती शेंबडासारख्या ओल्या, एकमेकींत मिसळलेल्या दिसतात. त्याला म्युकॉइड म्हणतात. रिपोर्टमध्ये ‘म्युकॉइड’ लिहिलं असेल तर जंतू बरेच दिवस मुक्कामाला आहे असं डॉक्टर समजतात. तो शब्द तुमच्या रिपोर्टवर आहे का, एवढं बघाच.

एक्सरेखोली

टीबीचा मुद्दा आल्याशिवाय आपल्या भागात हा विषय पुरा होत नाही.

जुना टीबी झालेल्या माणसाला पुन्हा खोकला आला की दोन टोकं दिसतात. एक, ‘टीबी परत आला’ म्हणून तपासणी न करता टीबीची औषधं. दोन, ‘साधं इन्फेक्शन’ म्हणून लेव्होफ्लॉक्सासिन. दुसरं जास्त धोक्याचं आहे, कारण लेव्होफ्लॉक्सासिन टीबीच्या जंतूवरही चालतं. पाच-सात दिवस घेतलं की टीबी दबतो, माणूस बरा वाटतो, निदान महिना-दोन महिने पुढे जातं आणि त्या औषधाला दाद न देणारा टीबी तयार व्हायला वाट मिळते. म्हणून फ्लुरोक्विनोलोन (लेव्हो, सिप्रो यांचा गट) सुरू करण्याआधी थुंकीची सीबीनॅट किंवा ट्रूनॅट (टीबीच्या जंतूची जनुकीय तपासणी) करून घ्या. सरकारी टीबी केंद्रात ती मोफत होते. कल्चरची डबी वेगळी, टीबीची वेगळी, दोन्ही एकाच दिवशी द्या.

आणि तिसरी शक्यता. सूक्ष्मदर्शकाखाली टीबीसारखे जंतू दिसतात, पण सीबीनॅटमध्ये टीबी नाही असं येतं. तेव्हा एनटीएमचा विचार हवा, म्हणजे टीबीच्या कुळातले पण टीबी नसलेले जंतू. ते पाण्यात-मातीत असतात. त्यांचं कल्चर द्रव माध्यमात सहा आठवडे ठेवतात, आणि एकदा वाढला एवढ्यावर उपचार सुरू करत नाहीत. वेगवेगळ्या दोन नमुन्यांत तोच जंतू यावा लागतो, शिवाय लक्षणं आणि सीटी जुळावी लागते.

सीटीबद्दल : ब्राँकिएक्टेसिस साध्या एक्स-रेत सुटून जाऊ शकतो. एचआरसीटी (फुफ्फुसाचे बारीक काप दाखवणारा सीटी स्कॅन) लागते, आणि ती एकदाच, दर सहा महिन्यांनी नाही. त्याच वेळी रक्तात एकूण आयजीई (अ‍ॅलर्जीत वाढणारं प्रतिपिंड), अ‍ॅस्परजिलसची आयजीई आणि आयजी-जी, ए, एम (प्रतिकारशक्तीची इतर प्रतिपिंडं) बघून घ्यावेत. दम्याच्या रुग्णात अ‍ॅस्परजिलस बुरशीची अ‍ॅलर्जी निघाली तर उपचारच बदलतो, अँटिबायोटिकने तिथे काही होत नाही.

हफ_करा

फिजिओथेरपीकडून. धाग्यात सगळ्यात कमी पैशांचा आणि सगळ्यात जास्त टाळला जाणारा उपचार हाच आहे, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

खोकून खोकून दमायचं नाही. जोरात खोकलं की खराब झालेली नळी मध्येच मिटते आणि कफ आत अडकतो. त्याऐवजी हफ. आरसा धुकट करताना ‘हाऽऽ’ करतो तसं, तोंड गोल उघडं, घसा उघडा, पोट आत घेत हवा बाहेर. मध्यम श्वास घेऊन लांब हफ केला तर खालच्या बारीक नळ्यांतला कफ वर सरकतो. मोठा श्वास घेऊन छोटा, जोरदार हफ केला तर घशाजवळ आलेला बाहेर पडतो. आधी लांब, मग छोटा. उलटं केलं तर वरचा निघतो, खालचा तिथेच.

पूर्ण चक्र असं : खांदे सैल सोडून, पोटावर हात ठेवून मिनिटभर शांत श्वास. मग तीन-चार खोल श्वास, प्रत्येक वेळी वर तीन सेकंद धरायचा. त्या तीन सेकंदांत हवा शेजारच्या वाटांनी कफाच्या मागे जाते, म्हणून धरणं महत्त्वाचं. पुन्हा शांत श्वास. मग एक-दोन हफ, दोनाहून जास्त सलग नको, नळ्या आवळतात. पुन्हा पहिल्यापासून. दोन चक्रांत हफ कोरडा आला की थांबा. १० मिनिटांपेक्षा कमी नको, ३० पेक्षा जास्त नको. बरं असताना दिवसातून एकदा-दोनदा, भडक्यात जास्त वेळा. जेवणाआधी, किंवा जेवणानंतर दोन तासांनी.

डोकं खाली करून झोपवणं सगळ्यांना लावतात, ते चूक. टीबीने बहुधा फुफ्फुसाचा वरचा भाग खराब होतो, आणि वरच्या भागातला कफ बसल्यावरच उतरतो. सीटीत कुठला भाग खराब आहे ते बघून बसण्या-झोपण्याची पद्धत ठरते. आम्लपित्त, हृदयाचा त्रास किंवा बेडक्यात रक्त असेल तर डोकं खाली अजिबात नको.

फुंकायची उपकरणं (फ्लटर, अकापेला) चांगली आहेत, पण हफ येत नसेल तर उपकरण घेऊन उपयोग नाही. त्यात दहा-पंधरा फुंका, मग हफ. क्रमही सांगतो, कारण तो रोज चुकतो : आधी नळ्या उघडणारा पंप, १०-१५ मिनिटांनी मिठाच्या पाण्याची वाफ (नेब्युलायझर मशीनचा बारीक फवारा, गरम वाफ नव्हे), मग वरचा व्यायाम, आणि वाफेचं अँटिबायोटिक असेल तर ते सगळ्यात शेवटी. कफाने भरलेल्या नळीत अँटिबायोटिक ओतलं तर ते कफावरच बसतं.

विडीघरकुल

मिठाचं पाणी म्हणजे घरी मीठ घालून केलेलं चालेल का? आणि मशीन धुवायचं कसं, दर वेळी वेगळंच सांगतात.

हफ_करा

घरी केलेलं नाही. मेडिकलमध्ये ३ टक्क्यांचं निर्जंतुक सलाइन मिळतं, एका वेळी ४-५ मिली. जास्त तीव्रतेचं, ७ टक्क्यांपर्यंतचं, डॉक्टरांनी सांगितलं तरच. पहिला डोस दवाखान्यात घ्यायचा, आधी आणि नंतर फुंकणी चाचणी (स्पायरोमेट्री) करून, कारण काहींच्या नळ्या आवळतात. १०० मिलीची बाटली उघडून चार दिवस पुरवणं बंद करा. उघड्या बाटलीत जंतू वाढतो आणि तोच तुम्ही फुफ्फुसात फवारता.

पेट्रीडिश

धुण्याचं मी सांगते, कारण हा शेवटी जंतूंचाच प्रश्न आहे. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, पिंप आणि टाकीत काही दिवस साठतं. साठलेलं पाणी ही स्यूडोमोनास आणि एनटीएम दोघांचीही आवडती जागा. त्या पाण्याने औषधाचा कप विसळून ओला ठेवला तर घरातच संसर्गाचा कारखाना.

वापर झाला की कप, मुखनळी, मास्क सुटे करा. साबणाच्या कोमट पाण्यात धुवा. दिवसातून एकदा निर्जंतुक करा : कंपनीच्या पत्रकात परवानगी असेल तर खळखळ उकळत्या पाण्यात पाच मिनिटं. नसेल तर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये पाच मिनिटं बुडवून, मग उकळून गार केलेल्या पाण्याने विसळा. शेवटचं विसळणं नळाच्या पाण्याने केलं तर आधीची मेहनत फुकट. व्हिनेगर पुरेसं नाही. मग झटकून, स्वच्छ कोरड्या कापडावर उघड्यावर पूर्ण वाळू द्या, ओलं असताना डबीत बंद करू नका. वाळणं हाच अर्धा उपचार आहे. हवेची नळी पाण्यात घालायची नाही. आत वाफ धरली असेल तर कप काढून मशीन दोन मिनिटं नुसतं चालवा.

बोअरच्या जड पाण्याने कपाच्या बारीक भोकात पांढरा थर धरतो. पाच मिली औषध संपायला १०-१५ मिनिटांऐवजी अर्धा तास लागू लागला तर भोक बुजलंय किंवा मशीनचा फिल्टर काळा झालाय. कप बदला, सुईने भोक टोकरू नका. भोक मोठं झालं की थेंब मोठे पडतात आणि घशातच राहतात.

काउंटरच्या_आतून

औषधांबद्दल, कारण चिठ्ठीशिवाय मागायला रोज लोक येतात.

स्यूडोमोनासवर सेफिक्झिम, अमोक्सिक्लॅव, डॉक्सी, अझिथ्रो मारक म्हणून चालत नाहीत. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनचं इंजेक्शनही नाही. तोंडाने घेण्यात व्यवहारात सिप्रो आणि लेव्हो एवढीच उरतात. म्हणून ती सर्दी-जुलाबात उधळू नका, एकदा हातची गेली की पुढे शिरेतून इंजेक्शनंच. ब्राँकिएक्टेसिसच्या भडक्यात कोर्स बहुधा १४ दिवसांचा असतो. पाचव्या दिवशी बरं वाटतं म्हणून सोडणारे महिन्याभरात परत येतात.

सिप्रो दुधा-दह्याबरोबर, लोह, कॅल्शियम किंवा अँटासिडबरोबर घेतली तर पोटातच बांधली जाते, रक्तात पोचत नाही. त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्या. दम्यासाठी थिओफिलिन चालू असेल तर सिप्रोने त्याची रक्तातली पातळी चढते : मळमळ, धडधड, हात थरथरणं, फिटसुद्धा. कंबरदुखीची टिझानिडीन सिप्रोबरोबर अजिबात नाही, रक्तदाब एकदम पडतो. मधुमेहाच्या गोळ्या असतील तर साखर उतरू शकते. साठीपुढचा माणूस आणि सोबत स्टेरॉइड असेल तर टाचेमागचा जाड पट्टा (टेंडन) दुखू लागताच गोळी थांबवून डॉक्टरांना फोन करा.

अझिथ्रो आठवड्यातून तीन दिवस, महिनोन्‌महिने, हा वेगळा उपचार आहे. वर्षात तीन किंवा जास्त भडके येणाऱ्यांना देतात, जंतू मारण्यापेक्षा सूज कमी करण्यासाठी. त्याआधी ईसीजी हवा, ऐकू कमी येतंय का ते विचारायला हवं आणि एनटीएम नाही याची खात्री हवी. एनटीएम असताना एकटी अझिथ्रो चालवली तर तो जंतू त्या गटालाच दाद देईनासा होतो, आणि एनटीएमवर तोच मुख्य गट आहे. ज्यांना हे चालू आहे त्यांनी उलटीवरची डॉमपेरिडोन, ऑन्डॅन्सेट्रॉन विचारल्याशिवाय घेऊ नये, हृदयाच्या ठोक्यांवर दोन्हींचा एकाच दिशेने परिणाम होतो.

होटगीरोड

वाफेचं अँटिबायोटिक कुणाला देतात? कल्चर रिपोर्टमध्ये ‘रेझिस्टंट’ लिहिलं असेल तरी उपयोग होतो का?

श्वासवाट

स्यूडोमोनास पहिल्यांदाच सापडला तर तो रुजण्याआधी काढायचा प्रयत्न करतात : दोन आठवडे गोळी किंवा इंजेक्शन, आणि अनेकदा पुढे तीन महिने वाफेचं औषध. ही संधी एकदाच मिळते, म्हणून पहिला पॉझिटिव्ह रिपोर्ट फाइलमध्ये पडू देऊ नका. रुजलेला असेल आणि भडके थांबत नसतील तर कोलिस्टिन दिवसातून दोनदा, किंवा टोब्रामायसिन ३०० मिग्रॅ दोनदा, २८ दिवस चालू आणि २८ दिवस बंद.

रिपोर्टमधली संवेदनशीलता मोकळ्या जंतूवर आणि रक्तात पोचणाऱ्या मात्रेवर ठरवलेली असते. वाफेने नळीत त्याच्या कितीतरी पट औषध पोचतं. त्यामुळे ‘रेझिस्टंट’ असूनही फायदा होऊ शकतो, आणि ‘सेन्सिटिव्ह’ असून थरामुळे होत नाही असंही होतं. कोलिस्टिन पावडर घेण्याच्या वेळीच मिसळायची, सकाळी मिसळून संध्याकाळी नाही. ठेवल्यावर ती फुफ्फुसाला घातक रूपात बदलते. पहिला डोस दवाखान्यातच. मास्क नको, मुखनळी. आणि खिडकी उघडी ठेवा, घरातल्यांनी ते औषध श्वासात घ्यायचं कारण नाही.

अजून एक. दमा नाही, फक्त ब्राँकिएक्टेसिस आहे, तरी स्टेरॉइडचा पंप वर्षानुवर्षं चालू असतो. त्याने न्यूमोनियाचा धोका वाढतो. तो का चालू आहे हे डॉक्टरांना विचारा, स्वतःहून बंद करू नका. कफ पातळ करणारं डॉर्नेज अल्फा सिस्टिक फायब्रोसिस या जन्मजात आजारात चालतं. इतर ब्राँकिएक्टेसिसमध्ये त्याने नुकसान झाल्याचं दिसलं आहे. आणि खोकला दाबणारी सिरप या आजारात नकोतच.

पूर्वभाग_लूम

यंत्रमागावर काम करणाऱ्यांचं काय? टॉवेल-चादरीच्या कारखान्यात दिवसभर रोवाँ उडतो. घरात बायका विड्या वळतात.

एक्सरेखोली

सुताच्या धुळीने होणाऱ्या आजाराची खूण म्हणजे सुट्टीनंतर कामावर आल्या दिवशी छाती आवळणं. तो पुढे जुना ब्राँकायटिस होतो. तंबाखूची धूळ नळ्यांना चिडवते, कफ वाढवते. या धुळीने थेट ब्राँकिएक्टेसिस होतो असं म्हणणार नाही, पण आधीच रुंदावलेल्या नळीत ती रोज भर घालते. तोंडाला बांधलेला रुमाल बारीक धूळ अडवत नाही, एन-९५ लागतो आणि तो नाकावर घट्ट बसायला हवा. मागाखालची झाडलोट कोरड्या झाडूने करू नये. विडीची पानं-तंबाखू झोपण्याच्या खोलीत ठेवू नका. कामाची नोंद असेल तर विमा योजनेच्या दवाखान्यात फुंकणी चाचणी मागून घ्या. फ्लूची लस दरवर्षी आणि न्यूमोकोकलची लस, या दोन्ही अशा लोकांना लागूच आहेत.

साखरपेठ

बेडक्यात रक्त आलं तर लगेच पळायचं का?

एक्सरेखोली

रेघ किंवा ठिपका असेल तर त्या दिवशी हफ हलके, ठोकणं-थापटणं आणि मिठाची वाफ बंद, आणि एक-दोन दिवसांत डॉक्टर. अर्ध्या कपाच्या आसपास, किंवा थांबतच नसेल तर १०८. ज्या बाजूचं फुफ्फुस खराब आहे त्याच कुशीवर झोपवा, म्हणजे रक्त चांगल्या बाजूला उतरत नाही. ही बाजू कोणती ते सीटीच्या रिपोर्टवरून आजच बघून फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, ऐन वेळी कुणाला आठवत नाही. मोठा रक्तस्राव मांडीच्या धमनीतून नळी घालून, रक्त सोडणारी वाहिनी बुजवून थांबवता येतो. ही सोय कुठल्या रुग्णालयात आहे तेही आधी विचारून ठेवा.

विडीघरकुल

ऑक्सिजनच्या मशीनला पाण्याची बाटली असते. तिच्यात फिल्टरचं पाणी टाकतो. चालेल?

पेट्रीडिश

नाही. डिस्टिल्ड, नाहीतर उकळून गार केलेलं. रोज जुनं पाणी ओतून टाका, वरून भर घालू नका. बाटली रोज साबणाने धुऊन वाळवा, म्हणून दोन बाटल्या ठेवा, एक वाळत असताना दुसरी वापरात. कमी प्रवाहावर, साधारण ४ लिटरपर्यंत, बहुतेकांना बाटलीची गरजही नसते. डॉक्टरांना विचारून काढून टाकता आली तर उत्तम. आणि घरात पाण्याचा कूलर असेल तर रुग्णाच्या तोंडावर झोत नको. टाकीतलं पाणी रोज बदला आणि हंगाम संपल्यावर गवताच्या जाळ्या टाकून द्या, पुढच्या उन्हाळ्यात नव्या घाला.